ओढणीखालची शिट्टी

बघायला पाहुणे आले की मुलीनं कमी बोलावं, त्यातच घराण्याची शोभा असते. सुमैया कमी बोलत होती, कारण तिला निम्मं ऐकूच येत नव्हतं. ऐकायचं मशीन दोन्ही कानांत होतं, पण वरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. हुकूम वडिलांचा, चांदभाईंचा. "पक्कं होईस्तवर दिसता कामा न्हाई. तिसरं स्थळ हाय हे."

दौंडच्या त्या खोलीत पंखा खडखडत होता. दोन्हीकडची चौघं एकदम बोलत होती. मुलाची आई, शिक्रापूरच्या बिबीजान, बशीत तोंड घालून प्रश्न विचारत होत्या. सुमैया त्यांचे ओठ शोधत होती. ओठांपुढे बिस्कीट होतं. तिनं ओढणी सारखी केली. मशीन झाकलं गेलं की शिट्टी मारतं. त्यानं मारली.

"कुकर," चांदभाई म्हणाले.

"बिर्याणी कुकरला लावता?" मुलगा, मुजीब, नाक वर करून वास घेत म्हणाला.

चांदभाईंना घाम फुटला. शिट्टी पुन्हा वाजली. सुमैया उठली. तिनं पंखा बंद केला, ओढणी कानामागे सारली आणि खुर्ची ओढून बिबीजानच्या समोर बसली.

"खाला, मला कानाचं मशीन आहे. ओरडू नका, फक्त माझ्याकडं बघून बोला. आणि एका वेळी एकच जण."

चांदभाईंनी डोळे मिटले. तिसरं स्थळ गेलं.

तेवढ्यात पुन्हा शिट्टी. सुमैयाचे कान तर मोकळे होते.

बिबीजाननी सावकाश डोक्यावरचा पदर मागे घेतला. त्यांच्या उजव्या कानात तसंच मशीन होतं.

"मुजीबच म्हनला, झाकून घे, लोकं म्हंतील बहिरेपण घराण्यातच हाय," त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाला, मी नुसती इचारतीय आन् मान हलवतीय. उत्तर एक बी कळंना. आता सांग बाई, पयल्यापासनं."

मग दोघी समोरासमोर बोलल्या. सावकाश, एकीनंतर एक, न कळलेलं पुन्हा विचारून. सगळं अगदी स्पष्ट झालं. सुमैयाला आपले दौंडचे शिकवणीवर्ग सोडायचे नव्हते. मुजीबला शिक्रापूरची कंपनी सोडायची नव्हती.

बोलणी दहा मिनिटांत फिसकटली.