सोडलेला चहा

आंब्याचे शास्त्रज्ञ डॉक्टर लिमये मिरजोळ्याच्या प्रयोगशाळेत मरून पडले होते. जवळ विषारी चहाचा अर्धा कप. पोलिसांनी आत्महत्या ठरवली. बहिणीने तार करून मुंबईचे खासगी गुप्तहेर बोलावले, केतकर पतिपत्नी. सहायक साळवी दोन महिन्यांच्या काविळीतून उठून डॉक्टर गेले त्याच दिवशी कामावर आला होता. “डोळ्यांदेखत घडलं हो, नेहमीसारखा चारचा चहा घेतला आणि कोसळले!” तो म्हणाला. डॉक्टरांकडे रांधणारी गंगुबाई उसळली. “कसला चहा? चातुर्मास लागल्यापासून सायबांनी चहा सोडलेला. देवळाची पायरी न चढणारा माणूस, पण नेम कधी मोडला नाही!” साळवीचा चेहरा पडला. विष दुसऱ्याच कशातून पाजून कप मागाहून ठेवलेला, हे केतकरबाईंनी ओळखलं. लिमयांना मनोमन हात जोडून त्यांनी विचारलं, “नेम कशासाठी केला होता?” गंगुबाईने साळवीकडे बोट दाखवलं. “ह्याची कावीळ उतरावी म्हणून.”