साहेबांचं माप

“कंबरेला काहीच बांधायचं नाय, काका. सगळा भार खांद्यावर घ्या,” धीरज म्हणाला आणि त्याने पिशवीतून एक लाकडी पिस्तूल काढून रामनाथच्या पुढ्यात ठेवलं.

रामनाथने हातातली कातडं कापायची रापी बाजूला केली. बोईसर स्टेशनजवळच्या त्याच्या टपरीवर कारखान्यांतले कामगार हत्यारांचे पट्टे शिवायला येत, चपला सांधायला येत. पिस्तुलाचं पाकीट शिवून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“हे कोणी कोरलं?”

“आमच्या नवापूरचा होड्या बांधणारा सुतार हाय, त्यानं. खरं पिस्तूल सरकारी. ते कोणाच्या हातात देता येत नाय. पण साहेबांनी स्वतः ताडून बघितलंय. जसंच्या तसं हाय.”

“आणि साहेबांचं माप?”

धीरजने खिशातून जाळ्याची दोरी काढली. तिला जागोजाग गाठी मारलेल्या. ही खांद्याची, ही छातीची, ही पोटाची. कोळ्याचं पोर, त्याला टेप कशाला लागतो. रामनाथने पोटाची गाठ स्वतःच्या पोटाभोवती धरून पाहिली. दोरी चांगली ढिली पडली.

“साहेब अंगानं भरलेले दिसतात. तू ड्रायव्हर काय रे त्यांचा?”

“नेतो, आणतो. सांगतील ते करतो.”

मग हसू आवरून त्याने खरी अडचण सांगितली. कमरेचा सरकारी पट्टा साहेबांना बसेनासा झाला होता. वरच्यांनी सुनावलं होतं, पिस्तूल बाळगता येत नसेल तर ठाण्यात टेबलावर बसा, त्या दलालाची केस दुसऱ्याकडे देऊ.

दलाल म्हणताच टपरीच्या तोंडाशी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मंगळीने मान वर केली. कामाला लावतो असं सांगून डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली परराज्यात नेणारा तो माणूस. तिची लेक तेजल त्यानेच नेली होती. या साहेबांनी महिनोन्महिने त्याचा माग काढला होता. आता केस हातातून गेली असती तर तेजलही गेल्यातच जमा होती.

“मंगळे, तू ठाण्यात जायचीस ते हेच साहेब काय?” रामनाथने विचारलं.

मंगळीने मान हलवली.

“मग माझी कारागिरी बघच तू,” तो म्हणाला.

त्याने जाड कातडं भिजवलं, लाकडी पिस्तुलावर ताणून बसवलं, हाडाच्या तुकड्याने कडा दाबत राहिला. वाळल्यावर कातड्याने पिस्तुलाचा आकार धरला. मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाका घातला. पट्टे दोन्ही खांद्यांवरून पाठीवर आणून फुलीसारखे जोडले, आणि ओझं एका बाजूला झुकू नये म्हणून दुसऱ्या काखेखाली काडतुसांचं पाकीट दिलं. कमरेला खरंच काही नाही.

थोड्याच दिवसांत धीरज ते घेऊन परत आला. सोबत दोरीला नवीन गाठी.

“आवळतंय, काका.”

पोटाची गाठ पुढे सरकली होती. रामनाथने दोरी उजेडात धरून पाहिली.

“हे साहेब खातात तरी काय?”

“सकाळी उठलं की सुकट भाजायला लावतात.”

“आणि तू भाजतोस?”

“न भाजून जातो कुठं?”

“सांग त्यांना, जरा हात आवरा म्हणावं. चोराच्या मागे लागलात तर ढेरी आधी पोचेल आणि साहेब मागून.”

मंगळी पदर तोंडाला लावून हसली. तेजल गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून रामनाथला आपल्या विनोदाचं फार कौतुक वाटलं. त्याने जुने पट्टे काढले, लांब पट्टे घातले आणि त्यांना आरीने भरपूर भोकं पाडली. “घे. आता वाढू दे किती वाढायचं ते.”

मग बरेच दिवस धीरज फिरकला नाही.

एका सकाळी मंगळी आली ती रिकाम्या हाताने. तिच्या मागून तेजल आली. वाळलेली, पण स्वतःच्या पायांवर चालत. मंगळीने रामनाथच्या कामाच्या पाटाला हात लावून नमस्कार केला.

सगळी हकिगत पुढच्या आठवड्यात धीरजने सांगितली. पेढ्यांचा पुडा घेऊनच आला होता.

“वैतरणा स्टेशन, काका. साहेब साध्या कपड्यात, हातात जेवणाचा डबा. दलालाची माणसं फलाटावर पोलीस हुडकत फिरत होती. साहेबांवरून नजर फिरली, पण थांबली नाय. दलाल स्वतः बाकावर बसला होता, नवीन दोन मुली बाजूला. त्यानं साहेबांना बघितलं आणि सरकून बसायला जागा दिली.”

“ढेरीला मान दिला म्हण की,” रामनाथ खुशीत येऊन म्हणाला.

“साहेब त्याला खेटून बसले. बसल्या जागीच काखेतनं पिस्तूल काढलं आणि त्याच्या बरगडीला लावलं. कमरेला असतं तर निघालंच नसतं. गोळी नाय, ओरडा नाय. बाकीच्या पोरी कुठं ठेवल्यात ते त्यानं तिथंच सांगितलं.”

रामनाथने शेजारच्या चहावाल्याला बोलावून हकिगत पुन्हा सांगायला लावली. बघ, म्हणाला, हे माझ्या हातचं पाकीट. मग चहावाल्याला दोन पेढे दिले, स्वतः दोन खाल्ले. तेव्हा धीरजने ते पिस्तुलाचं पाकीट पाटावर ठेवलं.

“साहेब आता रजेवर हायत. हजर होईपर्यंत पट्टे आत घ्यायचे हायत.” त्याने दोरी काढली.

रामनाथने गाठ पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पोटाची गाठ कितीतरी मागे आली होती.

“अरे, एवढ्यात कुठं गेलं साहेबांचं पोट?”

धीरजने पुड्यातला पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

“माज्या घरी पाळण्यात निजलंय, काका. नाक आईचं, साहेबांचं हाय.”