पानवेलीसाठी उजेड

एकाहत्तरच्या युद्धात, जबलपुरात ब्लॅकआऊट लागला तसा नीलकंठनं घरातल्या सगळ्या खिडक्या काळा कागद लावून बंद केल्या. थंडीमुळे आत आणलेली आईच्या हातची पानवेल अंधारात पिवळी पडू लागली. नीलकंठ फॅक्टरीतला पट्टीचा वायरमन. त्यानं वेलीवर हजार वॅटचा दिवा टांगला. फ्यूज उडाला. फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर घरातली बारीक वायरच जळाली. सुट्टीची अख्खी सकाळ तो नवी वायर ओढत धुसफुसत होता. बायको शरयू तीनदा काही सांगायला आली, तीनदा तो खेकसला, "वायरिंगमधलं तुला काय कळते? काहून डोकं खाऊन राहिली?"

चौथ्यांदा शरयू दारातूनच म्हणाली, "वायरिंगचं नाही हो. ब्लॅकआऊट तर रात्री असते ना? दिवसा खिडकी उघडू का?"