हॅगर्टीसाहेब मैदानात उतरले

ओहायोतल्या पोलाद कारखान्यात आठवडाभर भट्टीसमोर राबणारा इग्नाट्स रविवारी हॅगर्टीसाहेबांच्या संघातून पगारी अमेरिकन फुटबॉल खेळायचा. त्या दिवशी तो चेंडू छातीशी कवटाळून धावत असताना पाचसहा जण त्याच्या अंगावर कोसळले आणि पायाचं हाड कडकन मोडलं.

एरवी खुर्ची न सोडणारे साहेब चिखल तुडवत धावत आले. त्यांनी त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. इग्नाट्सला भरून आलं. सख्ख्या बापानंही त्याला असं कधी जवळ घेतलं नव्हतं.

“साहेब, तुमचे कपडे खराब होतील.”

“होऊ देत रे. तू हात वर कर बघू.”

मग साहेब शेजारच्या गड्यावर खेकसले, “अरे, जपून काढ! जर्सी फाटली तर बदली खेळाडू काय उघडा खेळणार?”