थोडंच टाक

टॅक्सीवाल्याचा तीस वर्षांचा नियम होता : सकाळी टाकी फुल करायची, मग दिवसभर पंपाचं तोंड पाहायचं नाही. टॅक्सी लेकीच्या हाती गेली आणि तिने नियम धाब्यावर बसवला. दिवसातून तीनदा वाट वाकडी करून ती त्याच एका लांबच्या पंपावर जायची. बापाच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

पंपावर पोचताच किल्ली त्याच्या हातात कोंबून ती मागच्या बाजूला पळाली.

"इथलं पेट्रोल चांगलं असतं का रे?" त्याने पंपवाल्याला विचारलं.

"पेट्रोल सगळीकडे सारखंच, काका. इथल्या लेडीज टॉयलेटला आतून कडी आहे."

बापाचा जीव भांड्यात पडला.

"टाकी फुल करू?"

"छे छे, थोडंच टाक. तिला दुपारी परत यायचंय."