मनोबलमास्तर

भारोत्तोलनाच्या स्पर्धेआधी सरावाचं वजन उचलतानाच तिचा खांदा कडकन वाजला. मुली ज्याला पाठीमागे ‘मनोबलमास्तर’ म्हणायच्या, तो संघाचा मानसतज्ज्ञ इस्त्रीच्या शर्टात मिरवत आला. “दुखणं मनात असतं. मन घट्ट कर आणि उचल.” तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. गृहस्थाने जन्मात भरलेली बादलीही उचलली नसावी. “माझ्या ताईलाही तुम्ही हेच सांगितलं होतं. आज तिला स्वतःची वेणी घालता येत नाही.” “ती मनाने कच्ची होती,” तो म्हणाला. तिने कमरेचा पट्टा सोडून त्याच्या हातात कोंबला. “तुमचं मन पक्कं आहे ना? मग जा, तुम्हीच उचला.” ती दारापर्यंत पोहोचते तोवर गडी मनगट सुजलेल्या दुसऱ्या मुलीकडे वळला. “डोळे मीट. काहीच दुखत नाहीये.” ती तरातरा मागे फिरली आणि त्या मुलीसमोर बसली. “डोळे उघड, पोरी.”