वीस वर्षांनी दाढी

तुळशीराम न्हाव्याने ट्रंकेतला वस्तरा काढून चामड्याच्या पट्ट्यावर घासला, तसे दुकानाच्या दारात जमलेले दाढीवाले दोन पावलं मागे सरले. जंतूंवर एकही औषध चालेनासं झाल्यापासून मिरजेत कुणी गालाला पातं लावलं नव्हतं. तुळशीरामचं शेवटचं गिऱ्हाईक त्याचा सख्खा भाऊ होता. हनुवटीला झालेल्या एवढ्याशा कापाने तो आठवड्यात गेला.

"लस मी बनवलीय आणि पहिली मीच टोचून घेतलीय," खुर्चीतले डॉ. कोळवणकर म्हणाले. "तुम्ही दाढी करा."

एक गाल स्वच्छ झाला. मग वीस वर्षं सवय मोडलेला हात हनुवटीवर चुकला आणि फेसातून रक्त उतरलं. दारात कुणीतरी किंचाळलं. तुळशीरामने वस्तरा मिटला आणि तुरटी उचलली.

"डॉक्टर, पुन्हा तेच झालं हो!"

डॉक्टरांनी आरशात जखम पाहिली. मग खुर्ची दाराकडे वळवून जखम सगळ्यांना दिसेल अशी हनुवटी वर केली.

"तुरटी दाढी संपल्यावर लावतात, तुळशीराम. उघडा तो वस्तरा. हा गाल अजून राहिलाय."